वजन कुठले उतरवावे?

कुंभाराचे चाक वाचकांनी पाहिले असेलच. काठीने चार हिसके दिले की ते कितीतरी वेळ गरगरत राहते, आणि तेवढ्यात आपल्या दिवाळीच्या पणत्या उतरतात. चाक हलके असते तर पणती अर्धीमुर्धी असतानाच थांबले असते. मोटारीच्या इंजिनाचे फ्लायव्हील याच घराण्यातले.

त्याची आठवण कोल्हापूरच्या एका तरुण वाचकांच्या पत्राने झाली. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आहे. फ्लायव्हील लेथवर कातून हलके केले तर पिकअप वाढेल का, असे ते विचारतात. वाढेल. पण कुठे, किती आणि कशाच्या मोबदल्यात, हे ऐकून मगच टर्नरकडे जावे.

चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का मिळतो. दोन धक्क्यांच्या मधली उणीव फ्लायव्हील आपल्या साठवणीतून भरून काढते. मात्र गाडीला वेग घ्यायचा असतो तेव्हा या जड चाकालाही वेग द्यावा लागतो, आणि इंजिनाची काही ताकद तिथे खर्ची पडते. चाक हलके केले की ती वाचते. इंजिनाचे हॉर्सपॉवर तसूभरही वाढत नाही.

आता थोडा हिशेब करू. समजा, मध्यापासून 12 सेंटीमीटरवरचे 2 किलो लोखंड आपण काढले. चाकाची त्रिज्या 30 सेंटीमीटर आणि पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या 16 फेऱ्यांना चाकाचा एक फेरा धरला, तर गाडी सुमारे 80 किलोने हलकी झाल्यासारखी धावेल. म्हणजे एक धट्टाकट्टा पाहुणा खाली उतरला! पण टॉप गिअरमध्ये, 4 फेऱ्यांना एक या हिशेबाने, हाच फायदा जेमतेम 5 किलोंवर येतो. एका वेगाने हमरस्त्यावर चाललात तर तोही नाही. शिवाय तेच 2 किलो मध्यापासून 6 सेंटीमीटरवरून काढले, तर फायदा चौथाईच. म्हणून किती किलो काढले याची फुशारकी मारणाऱ्या कारागिराला मी आधी विचारतो, "कुठून काढले?"

मोबदलाही ठरलेला आहे. स्लोवर इंजिन थरथरते, चढावर गाडी सोडताना बंद पडते, मग क्लच अधिक घसरवावा लागतो. क्लच प्लेट जिथे घासते तो भाग पातळ केला असेल तर ती उष्णता पोटात घ्यायला पुरेसे लोखंड उरत नाही आणि तो वाकडा होतो.

खरी धास्ती पुढे आहे. जुने फ्लायव्हील बहुधा बिडाचे असते, आणि बीड दाबाला सोशीक असले तरी ताणाला कच्चे. मिनिटाला 5000 फेऱ्यांवर 28 सेंटीमीटर व्यासाच्या चाकाची कड ताशी 260 किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. कातताना धारदार कोपरा राहिला किंवा कुणी वाटेल तिथे भोके पाडली, तर भेग तिथूनच निघते. चाक फुटले तर तुकडे गिअरबॉक्सचे कवच फोडून बाहेर येतात; आणि पद्मिनीत हे चाक चालवणाऱ्याच्या पायांच्या थोडेच पुढे असते. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींत वेगवान गाड्यांना त्याभोवती पोलादी कवच सक्तीचे केले आहे, ते उगीच नव्हे.

आता बॅलन्सिंग. मध्यापासून 12 सेंटीमीटरवर एका बाजूला 10 ग्रॅम जास्त राहिले, तर 5000 फेऱ्यांवर त्याची ओढ सुमारे 33 किलो वजनाइतकी होते, आणि ती सेकंदाला 83 वेळा बेअरिंगांभोवती फिरते. तेव्हा कातकाम झाल्यावर आधी नुसता क्रँकशाफ्ट, मग फ्लायव्हील जोडून आणि शेवटी प्रेशर प्लेट बसवून बॅलन्स करून घ्यावे. उघडण्यापूर्वी तिन्हींवर खुणा कराव्यात, म्हणजे पुन्हा जिथल्या तिथे बसतील.

नव्या गाड्यांच्या मालकांनाही एक सूचना. अनेक डिझेल गाड्यांत स्प्रिंगांनी जोडलेले दुहेरी फ्लायव्हील असते. ते लेथवर चढवायचे नसते.

मला विचाराल तर पत्रलेखकांनी इंजिन उघडले आहेच, तर बॅलन्सिंग जरूर करावे. त्याचा लाभ प्रत्येक गाडीला, प्रत्येक वेगात होतो. लोखंड काढायचेच असेल तर भेगा तपासून, इंजिनाच्या बाजूने, कडेजवळचे थोडेसे काढावे. रिंग गिअरचा आधार, बोल्टांच्या भोवतालचा भाग आणि क्लचची बाजू यांना हात लावू नये, कोपरे गोल ठेवावेत. शर्यतीत उतरायचे असेल तर बिडाचा नाद सोडून पोलादी फ्लायव्हील घ्यावे. आणि घरच्या मंडळींना घेऊन आंबोलीचा घाट चढायचा असेल, तर ते जड चाक जसे आहे तसेच राहू द्यावे. चढावर तेच उपयोगी पडेल.