घरी की इस्पितळात?

घरातील कर्ता पुरुष दारूच्या आहारी गेला, की त्याला व्यसनमुक्ती केंद्रात भरती करावे की घरी ठेवूनच उपचार करावेत, हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो. भरती हाच खरा उपचार आणि बाकी सारी मलमपट्टी, अशी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गातही रूढ आहे. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत १९८९ साली १६४ मद्यासक्त पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. दारू तोडताना ज्यांना सौम्य वा मध्यम त्रास होतो, त्यांना घरून येऊन घेतलेले उपचार सुरक्षित व कितीतरी स्वस्त पडले, आणि सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत फरक उरला नाही. उलट १९९१ साली तेथीलच २२७ कामगारांच्या पाहणीत, प्रथम इस्पितळात राहिलेल्यांना पुन्हा भरती होण्याची पाळी कमी वेळा आली. या निष्कर्षांत विरोध नाही. पहिल्या पाहणीत प्रश्न अंगातील दारू उतरविण्याचा होता; दुसरीत इस्पितळाची तुलना मुख्यतः मद्यपाश सोडू पाहणाऱ्यांच्या सभांशी होती.

तात्पर्य, रोग्याची अवस्था पाहूनच निर्णय व्हावयास हवा. ज्याला पूर्वी दारू तोडताना झटके आले वा भ्रम झाला, ज्याला दुसरा गंभीर आजार आहे, जो जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलतो, किंवा ज्याच्याकडे पाहावयास घरी कोणी नाही, त्याला भरती करण्यात विलंब नको. दारू थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी येणारा वाताचा झटका प्राणघातक ठरू शकतो. इतरांनी नोकरी सांभाळून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरून उपचार घेण्यात कमीपणा नाही. ज्या नाक्यावर पाय घसरतो, त्याच नाक्यावरून सरळ घरी येण्याची सवय अखेर तेथेच जडावयाची असते.

मात्र वाट कोणतीही असो, पाठपुरावा सुटला की सारे व्यर्थ. १९८६ साली पुण्यात स्थापन झालेल्या मुक्तांगणाने भरतीइतकेच महत्त्व नंतरच्या भेटींना आणि घरच्या माणसांना दिले, ते याचसाठी.

परंतु निवड करावयाची तर पर्याय हाताशी हवेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, दारूच्या पूर्ण अधीन झालेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळाले होते. भरतीचे उपचार तर १८० जणांत एकाला! ही पोकळी भरून काढण्यास मग मारहाण व कोंडून ठेवणे यांनाच उपचार म्हणविणारे दुकानदार पुढे सरसावतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा रुग्णास क्रूर व अमानुष वागणुकीपासून संरक्षण देतो. त्याची अंमलबजावणी कसोशीने झाली पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीचा बाह्यरुग्ण विभाग आणि अत्यवस्थांसाठी चार खाटा, ही मागणी अवास्तव खचित नव्हे. दारूवरील कराचा पैसा तिजोरीत घेणाऱ्या शासनाने त्या दारूने मोडलेल्या संसारांकडे पाठ फिरवावी, हे न्यायाला धरून नाही.