उत्तराचे सीमोल्लंघन

आज विजयादशमी. साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. शमीपूजन, अपराजितापूजन, शस्त्रपूजन आणि सीमोल्लंघन अशी चार कृत्ये धर्मशास्त्राने या दिवसासाठी सांगितली आहेत. पावसाळा सरून वाटा मोकळ्या झाल्या की मराठ्यांच्या फौजा दसरा करून मुलूखगिरीस निघत, हे आपण इतिहासात वाचतो. आज त्या फौजा नाहीत, आणि गावची वेसही पुष्कळ ठिकाणी शोधूनच काढावी लागते. वेशीपलीकडे एक वसाहत, तिच्यापलीकडे दुसरी. सायंकाळी आपण देवळापर्यंत जातो, आपट्याची पाने देतो-घेतो, 'सोने घ्या, सोन्यासारखे राहा' असे म्हणतो आणि घरी परततो. यात गैर काहीच नाही. परंतु ओलांडावयाची सीमाच उरली नसेल, तर या सणातून एक सामाजिक भेटीगाठ तेवढी शिल्लक राहील. आमचे मत असे आहे की सीमा उरलेली आहे. ती मनुष्याच्या मनात आहे आणि तिचे नाव भय.

कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही चाळीस वर्षे गावोगाव हिंडत आहोत. आख्यान संपते, आरतीचे तबक फिरून जाते, मंडप रिकामा होऊ लागतो आणि दोन-चार मंडळी मागे थांबतात. त्यांच्या प्रश्नांत मोक्ष क्वचित असतो. भय मात्र बहुधा असतेच. यजमान गेल्यापासून बँकेच्या खिडकीशी उभे राहण्याची धास्ती घेतलेली एखादी माउली असते. वडील निवर्तून वीस वर्षे झाली तरी चारचौघांत बोलावयास उभे राहिले की त्यांचा दरडावणीचा स्वर ज्याच्या कानी घुमतो, असा एखादा पन्नाशीचा गृहस्थ असतो. आपल्याला हे शिक्षण नको, एवढे एक वाक्य घरी उच्चारता न आल्यामुळे आतल्या आत सुकत चाललेला एखादा तरुण असतो. या सर्वांना लोकांनी एकच उपदेश केलेला असतो : 'भिऊ नका, धीर धरा.' उपदेश खोटा नाही. पण बुडणाऱ्यास 'पोहा' म्हणावे, तितपतच त्याचा उपयोग.

मग भय जाते कसे? या प्रश्नाचे उत्तर ज्या कथेत आहे, ती लोकपरंपरेने आजच्याच दिवसाशी जोडलेली आहे. महाभारतातील विराटपर्वाची, उत्तरगोग्रहणाची ही कथा. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) भारत आर्याबद्ध केले, आणि कीर्तनकारांनी ही कथा घरोघर पोहोचविली. श्रोते तिला पोट धरून हसतात. अंतःपुरात स्त्रियांपुढे पराक्रमाच्या गप्पा ठोकणारा आणि कौरवांची सेना दिसताच पळत सुटणारा राजपुत्र उत्तर हा आपल्याकडे भित्र्या बढाईखोराचा नमुना होऊन बसला आहे. हसावे, त्यास आमची हरकत नाही. मात्र हसून झाल्यावर कथा पुढे ऐकावी. कारण व्यासांनी उत्तराला पळताना दाखवून सोडून दिलेले नाही.

प्रथम शमीचा वृक्ष पाहू. बारा वर्षांचा वनवास संपवून अज्ञातवासासाठी मत्स्यनगरीत शिरण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे स्मशानाजवळच्या एका शमीवर ठेवली. नकुलाने वर चढून ती बांधली, आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून त्याच झाडावर एक प्रेत बांधून ठेवले. वाटेत भेटलेल्या गुराख्यांना सांगितले की ही आमची एकशे ऐंशी वर्षांची माता, आणि प्रेत असे झाडावर ठेवणे हा आमचा कुलाचार. दुर्गंधीने आणि त्याहून अधिक या वार्तेने काम केले. त्या झाडाकडे कोणी फिरकले नाही.

आमच्या मते मनुष्याच्या जुन्या भयाचे इतके नेमके वर्णन अन्यत्र क्वचितच सापडेल. ते प्रेत मूर्खपणाने बांधलेले नव्हते. त्या काळी ते आवश्यक होते. त्यानेच गांडीव राखले. आपलेही तसेच आहे. कडक शिस्तीच्या घरात वाढलेल्या मुलाने गप्प राहण्याची सवय लावून घेतली ती मार चुकविण्यासाठी. सासुरवासात नव्या सुनेने मान खाली घातली ती दिवस निभावून नेण्यासाठी. ते त्या त्या वेळचे शहाणपण होते, आणि त्याबद्दल कोणी स्वतःस दोष लावून घेऊ नये. अडचण पुढे येते. अज्ञातवासाचे वर्ष संपते, दार मोकळे होते, आणि झाडावरचे प्रेत मात्र तसेच राहते. हिंग गेला तरी डब्यास वास राहतो, असे आपण म्हणतो. संस्कृतात अशा मागे उरलेल्या संस्काराला 'वासना' हा शब्द आहे, तो याच अर्थाने समजावून घ्यावा. आणि ज्या प्रेताच्या भीतीने आपण त्या झाडाकडे जात नाही, त्याच झाडावर आपली शस्त्रे असतात.

आता उत्तराकडे वळू. मत्स्यराज विराट सेनेसह त्रिगर्तांच्या पाठीवर गेलेला. इकडे कौरवांनी साठ हजार गाई वळविल्या. नगरात उरला उत्तर. सारथी मिळता तर आपण कौरवांना धूळ चारली असती, असे तो म्हणाला, आणि सारथी मिळाला! नृत्यशिक्षिका बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन त्याच्या रथावर चढला. प्रत्यक्ष सेना पाहताच उत्तराच्या अंगावर काटा आला. त्याने रथातून उडी टाकली आणि तो धावत सुटला. अर्जुनाने शंभर पावलांत त्याचे केस धरले. मला सोड, शंभर सुवर्णनिष्क देतो, रत्ने देतो, रथ देतो, दहा मत्त हत्ती देतो, असे उत्तर विनवू लागला. भयाच्या सीमेअलीकडे राहता यावे म्हणून मनुष्य केवढे मोल देण्यास तयार होतो, ते येथे पाहावे. सुवर्ण आणि हत्ती देणारे आज आपल्यात नाहीत. आपण वर्षे देतो.

अर्जुनाने काय केले, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो. त्याने त्याला धिक्कारून हाकलून दिले नाही, नुसता उपदेशही केला नाही. एकटा पुढे हो असे म्हटले नाही, आणि घरी परत जा असेही म्हटले नाही. तो हसला, त्याला रथावर घेऊन आला, आणि म्हणाला की तुला लढवत नसेल तर मी लढेन, तू घोडे सांभाळ. भिणाऱ्याच्या हाती त्याने लगाम दिला. जेवढे झेपेल तेवढेच काम. पण काम रणांगणातलेच.

तत्पूर्वी मात्र त्याने उत्तरास शमीवर चढावयास लावले. उत्तर कचरला. या झाडावर प्रेत टांगले आहे असे आम्ही ऐकून आहोत, राजपुत्राने त्यास शिवावे कसे, असे तो म्हणाला. 'ऐकून आहोत' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याने ते प्रेत पाहिलेले नव्हते. आपलीही पुष्कळ भये अशीच ऐकीव असतात. आईने आजीकडून ऐकलेली, आपण आईकडून. अर्जुनाने सांगितले की भिऊ नकोस, ही धनुष्ये आहेत. उत्तर वर चढला, त्याने गाठी सोडल्या, आवरण दूर केले, आणि आतून सूर्यासारखी झळाळणारी शस्त्रे निघाली. अर्जुनाचे वाक्य ऐकल्याने भय गेले नाही. स्वतःच्या हातांनी गाठी सोडल्यावर गेले.

यावर कोणी म्हणेल, एकदा गाठी सोडल्या की काम झाले. व्यास इतके भोळे नाहीत. ऐन युद्धात, भीष्मांकडे रथ नेण्याची वेळ येताच उत्तराचे अवसान पुन्हा गळाले. माझे मन भांबावले आहे, मला घोडे आवरत नाहीत, असे तो म्हणाला. अर्जुनाने पुन्हा धीर दिला आणि रथ पुढे गेला. भय परत आले म्हणजे सर्व व्यर्थ गेले, असे मानून पुष्कळ सज्जन प्रयत्न सोडतात. त्यांनी हा प्रसंग ध्यानी ठेवावा. जुना संस्कार एका दिवसात पडलेला नसतो, तो एका दिवसात जाणारही नसतो. अभ्यास या शब्दाचा अर्थच पुनःपुन्हा करणे असा आहे.

शेवटी अर्जुनाने संमोहनास्त्र सोडले आणि भीष्मांवाचून सारे कौरववीर निश्चेष्ट झाले. निघताना राजकन्या उत्तरेने बाहुल्यांसाठी तलम वस्त्रे मागितली होती. अर्जुनाने उत्तरास ती आणावयास सांगितले. उत्तराने लगाम ठेवला, रथातून उडी टाकली, आणि द्रोण, कृप, कर्ण, अश्वत्थामा, दुर्योधन यांची वस्त्रे घेऊन तो परत आला. सकाळीही त्याने याच रथातून उडी टाकली होती. उडी तीच, पाय तेच; दिशा तेवढी फिरली. यालाच आम्ही सीमोल्लंघन म्हणतो.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. भयाचा व्यापार आपल्याकडे थांबलेला नाही, आणि खेदाची गोष्ट अशी की तो धर्माच्या नावाने अधिक चालतो. नवरात्रात अमुक चुकले तर देवीचा कोप होईल, तमुक शांती न केल्यास घरावर अरिष्ट येईल, अशी वाक्ये सणासुदीस सर्रास ऐकू येतात. महाराष्ट्रात २०१३ साली अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथांविरुद्ध कायदा झाला, ते योग्यच झाले. पण कायदा भोंदूस धरतो. भोंदू ज्यावर जगतो ते मनातले भय धरण्यास कायद्याचा हात पोहोचत नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे सव्वीस गुण मोजले आहेत आणि त्यांत पहिला मान अभयाला आहे. दान, यज्ञ, तप हे मागून आले. भगवंतांनी ज्यास अग्रपूजा दिली, त्याच्या उलट जे बोलतात त्यांना धर्मोपदेशक म्हणण्यास आमची जीभ वळत नाही. जगदंबेच्या मूर्तीचा वर उचललेला अभयहस्त पाहावयास आपण रांगेत उभे राहतो. त्या हाताचा अर्थ तरी घरी नेला पाहिजे.

हाच न्याय घरालाही लागू आहे. लेकराला बागुलबुवा दाखवून जेवविणे सोपे. पण आपण त्याच्या शमीवर एक प्रेत बांधीत आहोत, हे आई-वडिलांनी जाणावे. घाबरणाऱ्या मुलाला 'भित्री भागूबाई' म्हणून हिणविल्याने आजवर कोणी शूर झाल्याचे आम्हांस ठाऊक नाही. त्या माउलीबरोबर बँकेत तिच्या मुलाने जावे; मात्र चिठ्ठी तिने स्वतः भरावी. त्या पन्नाशीच्या गृहस्थाने सभा जिंकण्याच्या भरीस न पडता आभाराची दोन वाक्ये बोलण्याचे काम मागून घ्यावे. त्या तरुणाने पित्यापुढे एकट्याने उभे राहणे जमत नसेल तर मामाला किंवा थोरल्या बहिणीला सोबत न्यावे; पण वाक्य स्वतः उच्चारावे. सोबत असावी, लगाम मात्र आपल्या हाती असावा.

येथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. अभय म्हणजे अविचार नव्हे. कोठे भ्यावे आणि कोठे भिऊ नये हे जाणणाऱ्या बुद्धीला गीतेने सात्त्विक म्हटले आहे. पुराच्या पाण्यात गाडी घालणारा शूर नव्हे. दुसरे असे की काहींचे भय झोप, अन्न आणि श्वास यांवर घाला घालते. ती व्याधी आहे. ज्वरासाठी वैद्याकडे जाण्यास लाज नाही, तशीच मनाच्या वैद्याकडे जाण्यासही नसावी. पतंजलींनी जीविताच्या आसक्तीतून येणारे मरणभय पाच क्लेशांत गणले आणि ते विद्वानांनाही सुटलेले नाही असे सांगितले; मग सामान्यांनी संकोच का करावा?

उत्तराचे पुढे काय झाले, ते आख्यानाच्या हास्यकल्लोळात बहुधा राहून जाते. नगरात परतल्यावर विराट पुत्राच्या पराक्रमाची स्तुती करू लागला. बढाई मारण्याची आयती संधी होती. उत्तराने सांगितले की हा विजय माझा नव्हे, एका देवपुत्राचा आहे. भय गेले तेव्हा बढाईही गेली. कारण बढाई ही भयाचीच पांघरलेली शाल होती. आणि कुरुक्षेत्रावर, युद्धाच्या पहिल्याच दिवशी, हत्तीवर आरूढ होऊन तो शल्यावर चालून गेला आणि तेथेच पडला. भय ओलांडणाऱ्यास यश मिळतेच, असे आश्वासन महाभारत देत नाही. आपले जिणे आपल्या पायांनी चालावयास मिळते, एवढेच ते सांगते. आणि ते थोडे नाही.

तेव्हा आज शमीपूजन करताना प्रत्येकाने आपल्या झाडावर काय टांगलेले आहे, याचा क्षणभर विचार करावा. सगळ्या गाठी आज सुटणार नाहीत. एक सुटली तरी दसरा साजरा झाला. ती सोडण्याचे बळ आणि सोडताना खाली उभी राहणारी सोबत सर्वांस लाभो, हीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना.