कार्बनचं टीटीएमएम

समजा आठ जण हॉटेलात बसलेत. दोघं दुपारपासून हादडतायत, बाकीचे आत्ता चहाला टेकलेत. बिल आलं की तेच दोघं म्हणणार, "चला, सगळ्यांनी सारखी कॉन्ट्री काढा!" हवामानाच्या वाटाघाटी मला नेहमी अशाच वाटतात. औद्योगिक क्रांतीपासून कोळसा-तेल जाळून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. १९९७ च्या क्योटो करारावर तिने सही केली, मंजुरी कधीच दिली नाही. २०१५ च्या पॅरिस करारात तर ज्याने त्याने आपला आकडा आपणच ठरवायचा! माझं म्हणणं, सरळ टीटीएमएम करा, फक्त हिशोब दुपारपासूनचा धरा.

पण मग तोच नियम घरातही लागू होतो, आणि इथे आमची बोलती बंद. भारतीय माणसाचं वर्षाचं सरासरी उत्सर्जन २ टनांच्या आसपास, अमेरिकन माणसाचं १४ च्या. हे 'दोन' आपण जगाला अभिमानाने दाखवतो (मीसुद्धा). पण ते कमी आहे ते एसटीने फिरणाऱ्या, एका पंख्यावर उन्हाळा काढणाऱ्या कोट्यवधी लोकांमुळे. माझा एसी, माझी गाडी, ऑनसाइटच्या विमानवाऱ्या, सगळं त्यांच्या सरासरीत बेमालूम खपून जातं. उद्या खरंच माणशी २ टन वाटून दिले, तर माझा कोटा बहुतेक मार्चमध्येच संपेल.