९९ टक्क्यांची फिल्म आणि कोसबाडचे ऊन

उन्हाळा तोंडावर आला की खिडकीच्या काचेवर चिकटवायच्या ‘सन कंट्रोल’ फिल्मच्या जाहिराती वाढतात. ‘९७ टक्के उष्णता रोखते’, ‘९९ टक्के अतिनील किरण बंद’. आकडे बहुधा खोटे नसतात. ते कशाचे आहेत, एवढेच सांगितलेले नसते.

जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम ५ टक्के. ते अडवले की पडद्यांचा रंग लवकर विटत नाही, त्वचेलाही फायदा होतो; खोली मात्र थंड होत नाही. सुमारे निम्मी ऊर्जा अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड किरणांत असते, उरलेली दिसणाऱ्या प्रकाशात. ‘९७ टक्के’ हा आकडा अनेकदा अवरक्त पट्ट्याच्या एका छोट्या भागावरच मोजलेला असतो. दुकानातल्या प्रात्यक्षिकाचा दिवाही बहुतांश अवरक्त ऊर्जा फेकतो, म्हणून फिल्मपलीकडचा हात गार राहतो. सूर्य तसा नाही.

विचारायचे ते हे, की एकूण सौरऊर्जेपैकी किती रोखली? त्यातही मेख आहे. ३ मिलिमीटरची साधी काच स्वतःच सुमारे १४ टक्के रोखते. फिल्मसह आकडा ५० असेल, तर फिल्मची कमाई ३६.

डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला हा हिशेब आणखी बदलतो. टेकडी साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर. २० मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि खिडकीतून थेट ऊन फारसे येतच नाही. तापतात ते पत्रे आणि स्लॅब. फिल्मचे खरे काम पश्चिमेच्या खिडकीला, तिसऱ्या प्रहरी. तेही काच बंद असेल तर. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत घाम वाळायला वारा लागतो. तान्ही मुले आणि म्हातारी माणसे असलेल्या, पंख्यावर भागवणाऱ्या घरात खिडकी उघडीच हवी. वारली घराचे खाली उतरलेले छप्पर ऊन कारवीच्या कुडापर्यंत पोहोचण्याआधीच अडवते. काचेआतली फिल्म ते करू शकत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ मध्ये बोर्डीहून बालशिक्षणाचे काम याच टेकडीवर आणले. इथल्या बालवाडीच्या वर्गाला गडद फिल्म लावली, तर उष्णतेबरोबर उजेडही जाईल आणि भरदिवसा दिवे लावावे लागतील. त्यापेक्षा आधी पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचा हात, मग पश्चिमेच्या खिडकीबाहेर छज्जा किंवा चटई.

एसीची, बंद काचेची, पश्चिमेकडे तोंड असलेली खोली असेल, तर फिल्म वीज नक्की वाचवते. तेव्हा एकूण सौरऊर्जा रोखण्याचा आकडा, तो कोणत्या काचेवर मोजला यासह, दुकानदाराकडून लेखी घ्यावा.