न सापडणारी शीर

‘सी’ प्रकारच्या यकृतदाहाचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. आज तोंडावाटे घ्यावयाच्या गोळ्यांनी, बहुधा बारा आठवड्यांत, शंभरांपैकी ९५ हून अधिक रुग्ण त्यातून मुक्त होतात. आणि आपल्या देशात २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वये ही औषधे विनामूल्य मिळतात. असे असता, ज्यांना या उपचाराची निकड सर्वांत अधिक, ते मादक द्रव्ये टोचून घेणारे रुग्ण पुष्कळदा रक्ततपासणीच्या खोलीतूनच परत फिरतात. कारण क्षुल्लक भासते: त्यांच्या हातातून रक्त निघत नाही.

नीला ही पातळ भिंतीची नळी होय. एकाच जागी वारंवार सुई रुतली म्हणजे तेथे व्रण पडतो, भिंत जाड व ताठर होते आणि आत रक्त गोठून वाट बुजते. टोचलेल्या मिश्रणातील न विरघळलेले कण या हानीत भर घालतात. मिझोराम व नागालँड येथे एके काळी वेदनाशामक कॅप्सुलांतील भुकटी टोचली जात असे. तिच्यामुळे अनेकांचे हातपाय गळवांनी भरून गेले. अशा हातावर पाच-सहा वेळा सुई खुपसावयाची, वर रुग्णालाच दूषण द्यावयाचे, आणि तो पुन्हा फिरकला नाही म्हणजे त्यास बेफिकीर ठरवावयाचे, हा न्याय विपरीत आहे. येथे उणीव रुग्णाच्या वृत्तीत नसून आपल्या पद्धतीत आहे.

प्रथम त्यालाच विचारावे. कोणती शीर अद्याप शाबूत आहे, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? असे विचारणे म्हणजे व्यसनास मान्यता देणे, असा आक्षेप कोणी घेतात. परंतु मधुमेह्यास त्याचा आहार विचारल्याने साखरेस मान्यता मिळते काय? नंतर हात कोमट कापडाने शेकावा, खाली लोंबता ठेवावा, रुग्णास पाणी पाजावे. पट्टा एका मिनिटाहून अधिक आवळू नये. बारीक, पंखाची सुई व लहान नळी घ्यावी. मोठ्या निर्वात नळीच्या ओढीने दुबळी शीर मिटून जाते. दोन प्रयत्न फसले की अधिक कुशल हातास बोलवावे. मोठ्या रुग्णालयांत ध्वन्यातीत लहरींच्या यंत्राने खोल शिराही दिसतात. ते यंत्र केवळ शस्त्रक्रियागृहात अडकवून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

तथापि मुळात इतके रक्त हवेच कशाला? १९६० नंतरच्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी नवजात अर्भकांच्या टाचेतील थेंब कागदावर सुकवून तपासण्याची रीत रूढ केली. त्याच रीतीने आज या विषाणूचीही तपासणी होते. शिवाय बोटाच्या टोकातील सुमारे एक दशांश मिलिलिटर रक्तावरून तासाभरात विषाणू मोजणारे यंत्र निघाले आहे. निर्जंतुक सुया वाटणारी केंद्रे आपल्याकडे आहेतच. मणिपुरासारख्या राज्यात हे यंत्र प्रथम तेथे जावे, मग राजधानीच्या रुग्णालयात. यकृताची स्थिती पाहण्यासाठी काही चाचण्यांना शिरेतील रक्त तरीही लागेल. त्या सर्व एकाच वेळच्या रक्तावर उरकाव्यात, आणि पुढच्या खेपेसाठी कोणती शीर लाभली याची नोंद रुग्णाच्या कागदावर करून ठेवावी.