आजोबांच्या जहाजाला नवा रंग नको

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या सिरुसेरीत नोकरीच्या निमित्ताने मराठी कुटुंबेही येऊन राहिली आहेत. अशाच एका घरी, गिरगावातली खोली रिकामी केल्यावर मुंबईहून एक खोका आला. आत दीड हात लांबीचे लाकडी लढाऊ जहाज होते. मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या आजोबांनी फावल्या वेळात ते हाताने बनवले होते. करडा रंग पोपडे धरून सुटलेला, दोर लोंबणारे आणि एक छोटी होडी तुटून खोक्याच्या तळाशी पडलेली.

मुलाने रविवारचा बेत ठरवूनही टाकला. पॉलिश पेपर मारायचा, स्प्रेने रंग द्यायचा, नवे दोर बांधायचे आणि मागच्या काठीवरचा लाल क्रूस असलेला मळका झेंडा काढून तिथे तिरंगा लावायचा.

"आई, इंग्रजांचा झेंडा कशाला ठेवायचा?"

"अरे, तुझ्या बाबांनी इंग्रजांचं जहाज कशाला केलं असतं?" आई म्हणाली.

नातीने भिंग आणले. झेंड्याच्या वरच्या कोपऱ्यात, घडीच्या आत, केशरी आणि हिरव्या रंगाची पुसट रेघ दिसली. झेंडा आपलाच होता! रविवारचा बेत तिथेच थांबला.

झेंडा काळ सांगतो

२६ जानेवारी १९५० पर्यंत आपल्या नौदलाच्या जहाजांवर ब्रिटिश धाटणीचा पांढरा झेंडा असे. त्यावर लाल क्रूस आणि कोपऱ्यात युनियन जॅक. त्या दिवसापासून कोपऱ्यात तिरंगा आला, क्रूस मात्र राहिला. २००१ मध्ये क्रूस गेला, २००४ मध्ये अशोकचिन्हासह परत आला. सप्टेंबर २०२२ मध्ये तो कायमचा काढून छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून स्फुरलेले अष्टकोनी चिन्ह झेंड्यावर आले. म्हणजे नुसता क्रूस आणि कोपऱ्यात तिरंगा असेल, तर तो झेंडा १९५० ते २००१ या काळातल्या नमुन्याचा. अर्थात झेंडा मागाहूनही लावलेला असू शकतो. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.

धुराडी मोजा, तोफा मोजा

मुंबईकराला कुठलेही लढाऊ जहाज 'विक्रांत' वाटते. पण जुनी विक्रांत म्हणजे विमानवाहू जहाज. वर सपाट डेक, एका कडेला मनोरा आणि आर ११ हा क्रमांक. तोफांचे फिरते बुरूज असलेले मोठे जहाज त्या काळातले असेल, तर आधी आपल्या दोन क्रूझर आठवाव्यात. १९४८ मध्ये आलेली 'दिल्ली' आणि १९५७ मध्ये दाखल झालेली 'मैसूर'. दोन्हींवर मोठ्या तोफांचे तीन-तीन बुरूज होते, दोन पुढे आणि एक मागे. पण दिल्लीच्या प्रत्येक बुरुजात दोन तोफा आणि जहाजाला एकच धुराडे, तर मैसूरच्या बुरुजात तीन तोफा आणि धुराडी दोन. दिल्ली म्हणजे पूर्वीची 'अकिलीस'. डिसेंबर १९३९ मध्ये दक्षिण अमेरिकेजवळच्या रिव्हर प्लेटच्या लढाईत ती होती. तेव्हा तिला चार बुरूज होते, त्यातला एक दुसऱ्या महायुद्धातच गेला. हाताने केलेल्या प्रतिकृतीत चार बुरूज दिसले, तर कारागिराने जुन्या चित्रावरून काम केले असावे.

सिरुसेरीच्या जहाजाला एक धुराडे आणि तीन बुरुजांत मिळून सहा तोफा. आईंनाही यजमानांच्या तोंडचे 'दिल्ली' हेच नाव आठवत होते.

धुराडी मोजण्याची युक्ती किती जुनी, याचा दाखला चेन्नईच्याच इतिहासात आहे. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री 'एमडन' या जर्मन जहाजाने मद्रासवर तोफा डागल्या आणि तेलाच्या टाक्या पेटवल्या. त्याला धुराडी तीनच. पण इंग्रजांचे जहाज भासावे म्हणून त्याने चौथे खोटे धुराडे उभारले आणि पुढच्याच महिन्यात पेनांग बंदरात घुसून हल्ला केला. तमिळमध्ये बिलंदर माणसाला आजही 'एमडन' म्हणतात.

साफसफाई : कमीत कमी

आधी चारही बाजूंनी फोटो काढावेत. जहाज उचलताना तळाला दोन्ही हात द्यावेत, डोलकाठी किंवा धुराडे धरू नये. धूळ चित्रकलेच्या मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली झाडावी. ओले फडके, साबण, खोबरेल तेल, काच पुसण्याचे द्रावण, काही वापरू नये. रंग सुटत असेल तिथे ब्रशही लावू नये.

पॉलिश पेपर तर मुळीच नको. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ विषारी असते. धातूच्या बारीक भागांवर पांढरी भुकटी दिसली, तर तेही गंजलेले शिसे असू शकते. हातमोजे घालावेत आणि मुलांना दूर ठेवावे.

गळून पडलेला प्रत्येक तुकडा पाकिटात घालून वर कुठला ते लिहावे. झटपट चिकटणारा गोंद लावला की चूक सुधारता येत नाही.

हवा, ऊन आणि पेटी

सिरुसेरीपासून समुद्र जवळ, त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे. दमट हवेत लाकूड फुगते, एसीच्या कोरड्या हवेत आकसते आणि या ओढाताणीत रंग तडकतो. म्हणून जहाज एसीच्या झोतात, खिडकीच्या उन्हात किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. जमिनीवरही नको, डिसेंबर २०१५ चा पूर चेन्नईकर विसरलेले नाहीत.

काचेची पेटी उत्तम, पण आतून कच्चे प्लायवूड नको. त्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी शिसे खराब होते. पेटीला हवेसाठी बारीक फट ठेवावी. डांबराच्या गोळ्या आत टाकू नयेत, त्यांच्या वाफेने रंग आणि प्लॅस्टिक बिघडते. तळाशी लाकडाचा ताजा भुसा दिसला, तर भुंगा लागला असे समजावे. जहाज प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. चेन्नईत एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तूंच्या जतनाचे काम चालते. तिथे चौकशी करता येईल.

एक कागद तेवढा हवा

जहाज कोणाचे हे पुस्तकातून कळेल. ते कोणी, कुठे बसून, कशापासून बनवले हे फक्त घरातले माणूस सांगू शकते आणि ते माणूस कायमचे नसते. सिरुसेरीच्या घरात त्या रविवारी नात वही घेऊन बसली. आजी सांगत गेली. लाकूड गोदीतल्या खोक्यांचे, दोर तिच्याच शिवणाच्या डब्यातल्या काळ्या दोऱ्याचे आणि झेंडा जुन्या धोतराच्या तुकड्याचा, तिने स्वतः शिवलेला.

"आई, हे तू कधी सांगितलं नाहीस," मुलगा म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

स्प्रेचा डबा शेवटी बाल्कनीच्या गजांना उपयोगी पडला.