‘कालातीत’ बागांचे खोटे फोटो

फिल्मवर काढलेला जुन्या बागेचा फोटो ‘कालातीत’ दिसतो, हे वाक्य आता मला ऐकवत नाही. आमच्या हौशी फोटोग्राफरांच्या गटात व्हर्सायचा एखादा कृष्णधवल फोटो आला, की पाच मिनिटांत कुणीतरी ते म्हणतंच. मागे राजवाडा, पुढे पाण्याचं कुंड, दोन्ही बाजूंना पट्टी लावून कापलेली झाडं, माणूस एकही नाही. “वाटतंय, चौदावा लुई आत्ता येईल!” बोलणाऱ्याला हे कौतुक वाटतं. माझ्या मते फोटो फसल्याची ती पावती आहे.

मुळात ही बागच एक बढाई आहे. आंद्रे ल नोत्रने १६६०च्या दशकापासून ती घडवली, ती झाडापाण्यानेही राजाचा हुकूम मानावा अशा थाटात. पण पाणी ऐकेना. सीन नदीचं पाणी वर चढवायला मार्लीला १४ चाकांचं अजस्र यंत्र उभारलं. तेही पुरेना, म्हणून १६८५मध्ये एर नदीच्या कालव्यावर हजारो सैनिक जुंपले. त्यांतले कितीतरी आजाराने मेले आणि काम अर्धवटच सुटलं. राजा फिरायला निघाला, की माणसं शिट्ट्या मारून एकमेकांना इशारा द्यायची आणि तो पोचेल तेवढीच कारंजी सोडायची. लुई आत्ता येईल असं ज्याला वाटतं, त्याने ती शिट्टीही ऐकावी.

झाडांचंही तेच. १७७४-७५च्या हिवाळ्यात सोळाव्या लुईने बाग तोडून नव्याने लावायला काढली. यूबेर रोबेरने त्या तोडणीची चित्रं रंगवली आहेत. पुतळ्यांच्या पायाशी ओंडके पडलेले. पुढे २६ डिसेंबर १९९९च्या वादळात पुन्हा हजारो झाडं आडवी झाली. सतराव्या शतकातलं म्हणून आपण ज्या झाडाचा फोटो काढतो, ते आपल्या पुतण्याच्या वयाचं असू शकतं.

इथे कुणीतरी युजीन आत्जेचं नाव काढणार, हे मला ठाऊक आहे. काढाच. आत्जे १९०१पासून व्हर्सायला जात होता. त्याच्याकडे फिल्मही नव्हती, १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा होत्या. दारावर पाटी होती ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ अशी, आणि माल तसाच विकायचा. त्याच्या कितीतरी फोटोंच्या वरच्या कोपऱ्यांत जो गोल काळोख दिसतो, ती काही भावावस्था नव्हे. लेन्स वर सरकवली की तिचं प्रतिमावर्तुळ काचेच्या कोपऱ्यांपर्यंत पुरत नसे, एवढंच. आज तो काळोख लोक संगणकावर मुद्दाम घालतात!

१९२५च्या मार्च ते जूनमध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, तो पॅरिसच्या दक्षिणेला सो गावच्या बागेत जात राहिला. हीही ल नोत्रचीच, कोल्बेर या मंत्र्यासाठी केलेली. तोवर तिची रया गेली होती: माजलेलं गवत, झिजलेले पुतळे, शेवाळलेली तळी. दोनच वर्षांपूर्वी ती सरकारकडे आली होती आणि डागडुजी व्हायची होती. आत्जेने गवत टाळलं नाही. आणि काही फोटोंवर त्याने वेळ लिहिली. सकाळचे सात. मला त्याचं सगळं मोठेपण त्या ‘सात’मध्ये दिसतं.

मी मात्र बारा वर्षं पॅरिसमध्ये राहून उलटं केलं. गेल्या वर्षी सोच्याच बागेत एका माळ्याशी ओळख झाली. त्याने विचारलं, कालव्याकाठचं अमुक एक झाड तोडलं, त्याचा आधीचा फोटो आहे का? मी ऐटीत हो म्हणालो. घरी येऊन पेट्या उपसल्या, तर त्या जागेच्या ४० निगेटिव्ह निघाल्या. एकीवरही तारीख नव्हती. आणि झाड एकीतही नव्हतं. ते वाळत चाललं होतं, म्हणून दर वेळी मी कॅमेरा जरा डावीकडे सरकवला होता. त्याला काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी मी त्या फाटकाने गेलोच नाही.

म्हणून फिल्म सोडायची का? मुळीच नाही. पांढरा संगमरवर आणि त्यामागची काळपट हिरवी भिंत एकाच चौकटीत घ्यायची, तर मी सावलीला मोजून प्रकाश देतो आणि संगमरवराचा तपशील निगेटिव्ह बऱ्यापैकी सांभाळते. रोलमध्ये १२च फोटो, त्यामुळे तिवई लावून थांबावं लागतं. आणि थांबलं की माळी, पाइप, फांद्यांचा ढीग दिसायला लागतात. हे गुण कामाचे आहेत. ‘आत्मा’ वगैरे दुकानदारांनी विकावा. आणि शिडी चौकटीबाहेर ठेवायचीच असेल, तर मोबाईलनेही ते छान जमतं, स्वस्तात.

या मार्चमध्ये मी पुन्हा सोला गेलो. तिवईसारखी तीन पायांची उंच शिडी, तिच्यावर तो माळी, खाली छाटलेल्या फांद्या, मागे धुक्यात कालवा. निगेटिव्हच्या पाकिटावर तारीख लिहिली आणि सकाळचे ८:२० अशी वेळ. फोटो गटात टाकला. पहिलीच प्रतिक्रिया आली: “सुंदर! फक्त ती शिडी काढून टाकता आली असती तर.”